पीठ कुठे गेले?

२०२० साल आठवा. १७ मार्चला शिर्डीचे समाधी मंदिर दर्शनासाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडले. हारवाला, लॉजवाला, रिक्षावाला, सारे बसून. ज्याच्या हाताखाली चार माणसे होती, त्याने त्यांना काय सांगावे?

याच गावात महामारीचे भय होते, तेव्हाची कथा हेमाडपंतांनी साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात सांगितली आहे. बाबा कोणाला हुकूम न करता स्वतः जाते मांडून दळायला बसले. ते पाहून चार बायका पुढे आल्या आणि त्यांनी खुंटा हाती घेतला. दळण संपल्यावर त्या पीठ आपसांत वाटून घेऊ लागल्या. बाबांनी त्यांना दटावले आणि पीठ गावच्या शिवेवर टाकायला लावले.

चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. धनी आधी दळायला बसला की माणसे आपण होऊन येतात. पण पीठ कोणाच्या पदरात पडते, हे पाहून ती टिकतात. उद्याचे धन्यालाही ठाऊक नसते, ते त्याने खुशाल कबूल करावे. पगार कापावा लागलाच, तर पहिली कात्री स्वतःला लावावी. दिंडीत विणेकरीही सर्वांबरोबर पायीच चालतो.

तुमच्या हाताखाली कोणी असेल, तर आज हरिपाठानंतर मनाला एवढेच विचारा : गेल्या अडचणीत पीठ कुठे गेले?