यंत्राची उत्तरपूजा

हावड्यात गंगेकाठी बेलूर मठ आहे. स्वामी विवेकानंदांनी १९०१ साली तिथे दुर्गापूजा सुरू केली, आणि तिच्यासोबत कुमारीपूजाही. आजही अष्टमीला मठात एका लहान मुलीला देवी मानून पुजतात. अंगावर साडी, गळ्यात हार, पायांना अळता. ती कुठे बघते, हसते की गप्प बसते, यावर तिचं देवीपण ठरत नाही. स्वमग्न मुलांना शिकवण्यासाठी यंत्रमानव वापरावेत का, या प्रश्नाचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. कारण या मुलांकडे आपली पहिली मागणी बहुधा 'माझ्याकडे बघ' हीच असते.

यंत्रांचा उपयोग होतो, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठात तयार झालेला कास्पर हा लहान मुलाएवढा, बाहुल्यासारखा यंत्रमानव आहे. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलाय. माणसाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतकं काही हलत असतं, की त्यातलं नेमकं काय टिपायचं हे अनेक स्वमग्न मुलांना कळेनासं होतं. कास्परला जोरात मारलं तर तो 'दुखलं' असं सांगतो. दहाव्यांदा मारलं तरी त्याच सुरात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव होता, रोज अर्धा तास खेळ, सोबत घरचं माणूस. मोठं माणूस जिकडे बघतंय तिकडे आपणही बघावं, हे या मुलांना यंत्र समोर नसतानाही अधिक जमू लागलं. बारा हा आकडा लहान आहे, त्यावर मोठा दावा उभा करू नये. पण यंत्रापाशी असं काय होतं, जे आपल्यापाशी नव्हतं? बुद्धी तर नक्कीच नव्हे. ते वैतागत नाही, चारचौघांत त्याला लाज वाटत नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. म्हणजे मूल शिकत नव्हतं असं नाही, आपला धीर तोकडा पडत होता.

यावर आक्षेप येतो, की निर्जीव वस्तूला सजीव भासवणं ही मुलाची फसवणूक आहे. मूर्तिपूजकांच्या समाजाला हा आक्षेप इतक्या सहज पटू नये. कोलकात्याच्या कुमारटुलीचा मूर्तिकार मातीच्या दुर्गेला डोळे रेखतो, पुरोहित प्राणप्रतिष्ठा करतो, आणि प्राण आपण आवाहन केलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच दशमीला देवीच्या आरशातल्या प्रतिबिंबाचं आधी विसर्जन होतं, मग मूर्ती गंगेत जाते. आपल्याकडे गणपतीची उत्तरपूजा होते, तीही याच जाणिवेने. दोष आवाहनात नाही, बोळवणीची तयारी न ठेवण्यात आहे. येलच्या अभ्यासात वापरलेल्या जिबो या यंत्राचे सर्व्हर बंद होणार हे २०१९ साली त्याच्या मालकांना त्या यंत्रानेच सांगितलं. मुलांचा सोबती म्हणून विकलेल्या मॉक्सी या यंत्रमानवाची कंपनी २०२४च्या डिसेंबरात बंद पडली, तेव्हा हे लेकरांना सांगायचं कसं, असा प्रश्न आईबापांपुढे उभा राहिला. विसर्जनाचा दिवस पंचांगात असतो, घर त्यासाठी मनाने तयार होतं. इथे तो दिवस कंपनीच्या जमाखर्चाने ठरवला.

याउलट यंत्राच्या बाजूचा मुद्दा जास्त वजनदार आहे: थेरपिस्ट मिळत नाहीत, मग यंत्र का नको? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, पण कायद्यातली नोंद म्हणजे तालुक्याच्या गावी शिकवायला माणूस आला असं नव्हे. तेव्हा यंत्र नाकारू नये. मात्र डॅमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२मध्ये मांडलेली गोष्ट सोडून चालणार नाही: न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. मुलाला आपले हावभाव वाचता येत नाहीत, तसे आपल्यालाही त्याचे येत नाहीत. म्हणून यंत्र घरात येईल त्याच दिवशी कागदावर दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात. यंत्राकडून कुठला खेळ कुठल्या महिन्यात आजीकडे, कुठला ताईकडे, कुठला बाईंकडे जाणार. आणि तोवर त्या तिघींनी मुलाचं काय वाचायला शिकायचं: हातांची फडफड, कानांवर ठेवलेले तळवे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं.