वारसा आणि बोजा

वर्णन्याय हा प्रश्न प्रथमदर्शनी अंतःकरणशुद्धीचा वाटतो. मनातील द्वेष गेला की अन्याय संपला, असे आपण सहज धरून चालतो. परंतु सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करणारा अमेरिकेतील विद्यार्थी जुने शहर-नकाशे उलगडतो, तेव्हा हे गृहीतक डळमळू लागते.

१९३३ साली स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने पुढील काही वर्षांत दोनशेहून अधिक शहरांतील वस्त्यांची चार श्रेणींत विभागणी केली. सर्वांत ‘धोक्याची’ श्रेणी नकाशावर तांबडी. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक सर्वत्र तांबड्याच ठरल्या. १९३४ पासून गृहकर्जांना हमी देणाऱ्या संघीय गृहनिर्माण प्रशासनानेही त्यांच्याकडे पाठ फिरवली. स्वस्त कर्ज नाही म्हणून स्वतःचे घर नाही. घर नाही म्हणून मुलांच्या हाती ठेवण्याजोगी पुंजी नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या विक्रीतील व भाड्यातील वर्णभेद निषिद्ध ठरवला. कागद स्वच्छ झाला. पण मधल्या काळात एका घरी साठलेली आणि दुसऱ्या घरी साठू न शकलेली संपत्ती जागच्या जागी राहिली.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो : ‘ती रेघ मी ओढली नाही, मग भार मी का सोसावा?’ आक्षेपात तथ्य आहे. अपराध वारशाने येत नाही, आणि पूर्वजांच्या कृत्यासाठी नातवाला दोषी ठरवणे हाही अन्यायच. मात्र अपराध आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलोपार्जित जमीन स्वीकारणाऱ्या वारसाला सातबाऱ्यावरील बोजा नाकारता येत नाही. कर्ज त्याने काढलेले नसते, पण पीक तोच खात असतो.

शिकागोलगतच्या इव्हन्स्टन शहराने २०२१ मध्ये हा बोजा मान्य केला. १९१९ ते १९६९ या काळात तेथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना वा त्यांच्या थेट वंशजांना २५,००० डॉलर देण्याचे ठरले. आरंभी ही रक्कम घरासाठीच वापरण्याची अट होती. २०२३ मध्ये ती रोख घेण्याची मुभा मिळाली. या लहानशा बदलात मोठा विवेक आहे. दान देणारा अटी घालू शकतो; देणे फेडणाऱ्याने मात्र घेणेकऱ्याला पैसा कसा खर्चावा हे शिकवू नये. आपण देतो ते दान की देणे, हे आधी ठरवावे लागते. धोरणाच्या विद्यार्थ्याचा खरा अभ्यास तेथून सुरू होतो.