सापडले म्हणून आपले?

लोणावळ्याजवळचे कुरवंडे गाव ओलांडले की नागफणीचा कडा आणि कोकणात उतरणारी जुनी घाटवाट लागते. १६६१ मध्ये याच वाटेने कारतलबखान आणि रायबाघन यांची मोगल फौज खाली उतरली. फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडीत पकडले आणि सामानसुमान जागेवर टाकून खानाला जीव वाचवावा लागला. अशा वाटांवर फौजा आणि व्यापारी तांडे शतकानुशतके ये-जा करत राहिले. वाटेवरच्या गावांना लुटीची धास्ती नेहमीचीच होती. घरातले डाग मडक्यात घालून चुलीमागे किंवा परड्यात पुरायचे, हीच तेव्हाची तिजोरी. पुरणारा साथीत दगावला किंवा परागंदा झाला, की ठिकाणही त्याच्याबरोबर जाई.

आज लोणावळ्याच्या आसपास शेतजमिनी बंगल्यांसाठी विकल्या जात आहेत, जेसीबी पाया खणत आहेत आणि मेटल डिटेक्टर घरबसल्या मागवता येतो. उद्या अशा खोदकामात एखादी पुतळ्यांची माळ निघाली, तर ती कोणाची? सापडणाऱ्याची, जमीनमालकाची, सरकारची, की जिच्या अंगावर ती होती तिच्या नातवंडांची? माझे उत्तर स्पष्ट आहे. पहिला हक्क घराण्याचा, आणि ते घराणे शोधून काढण्याची जबाबदारी शासनाची.

कायदा घराण्याला विसरलेला नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ते जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना किमान चार महिन्यांची मुदत मिळते. ऐवज गेल्या शंभर वर्षांत आपल्या पूर्वजाने पुरल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तर वारसाला दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो. कोणीच पुढे आले नाही, तर धन बेवारस ठरते. मग वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळते. माहिती दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुरलेली नव्हे तर नुसती हरवलेली अंगठी सापडली, तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडणारा ती ठेवीसारखी सांभाळायला बांधील असतो.

अडचण पुराव्याची आहे. पुरण्याचे काम रात्री, गुपचूप होई. त्याची पावती कोण करणार? दागिने बाईचे, पण कागद पुरुषांच्या नावाचे. घराणे मुंबईला गेले, जमीन दोनदा विकली गेली. सरकारी सूचना त्या बाईच्या नातीपर्यंत पोहोचणार कशी? शंभर वर्षांची अटही जाचक आहे. १८९७ च्या प्लेगात घर सोडताना पुरलेला ऐवज आज तिच्या बाहेर जातो. शिवाय सरकारने निधी ताब्यात घेतला, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढाच मोबदला. देवघरातल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकाचे मोल या हिशेबात बसत नाही.

वारस शोधला तर सापडतो, हे लंडनमध्ये दिसले. २००७ मध्ये हॅकनी भागातल्या एका बागेत ८० अमेरिकी सोन्याची नाणी निघाली. नाझींपासून पळून आलेल्या मार्टिन सुल्झबाखर यांच्या कुटुंबाने ती १९४० मध्ये पुरली होती; ठिकाण माहीत असलेले नातलग त्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात मारले गेले. जुन्या नोंदींतून माग लागला आणि २०११ मध्ये नाणी मार्टिन यांच्या मुलाची ठरली.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या जागी सापडलेली २१६ सोन्याची नाणी मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी जप्त केली. ती सापडणाऱ्यांनी कळवली नव्हती, घरी ठेवली होती. असे झाले की नेमकी जागा, खोली, सोबतच्या वस्तू, म्हणजे वारसाला आणि इतिहासालाही हवा असलेला पुरावा, पुसला जातो. मजुराला दोष देऊन मात्र भागणार नाही. कळवले तर पोलिसांचा ससेमिरा आणि हाती काहीच नाही, अशी भीती असेल तोवर धन दडवलेच जाईल. इंग्लंडमध्ये १९९७ पासून शोध नोंदवून घेणारे अधिकारी ठिकठिकाणी नेमले आहेत आणि प्रामाणिक शोधकाला बक्षीसही मिळते. आपल्याकडेही सापडणाऱ्याला सन्मानाने बक्षीस द्यावे. वारस मिळाला, तर ते शासनाने द्यावे; मालकी मात्र वारसाची राहावी.

वारस शोधायचे साधन तर तलाठ्याच्या दप्तरातच आहे. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे फेरफार सांगतात. त्यावरून जुन्या कुळांना आणि खातेदारांना थेट पत्र जावे, सूचना ग्रामसभेत वाचली जावी, लग्नातले जुने फोटो आणि म्हाताऱ्या बायांच्या साक्षी नोंदवून घ्याव्यात. धन कोणी पुरले याची शक्य तितकी चौकशी करण्याचे कर्तव्य जिल्हाधिकाऱ्यांवर आजही आहेच. शंभर वर्षांची अट बदलायला विधिमंडळ लागेल. फेरफार उघडायला तहसीलदाराचा एक आदेश पुरेसा आहे. लोणावळ्याच्या या मावळात जमिनी वेगाने हात बदलत आहेत, म्हणून सुरुवात मावळातूनच व्हावी.