खुर्चीत बसण्याआधी

आसेगाव,
ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

चि. छकुलीस,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे वेंगुर्ल्याजवळच्या एका रिसॉर्टवर राहायला जाणार आणि येताना एक दिवस सावंतवाडीला थांबणार, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं तेव्हापासून हे पत्र मनात आहे. समुद्राविषयी मी काही सांगावं असं नाही, तो तू पोटभर बघशीलच. मला सांगायचं आहे ते तिथल्या खुर्चीविषयी. आईने खोल्यांचे फोटो पाठवले (तूच म्हणालीस ना, आबांना लाकूड दाखवा म्हणून? शहाणी माझी माय ती!), त्यात ओसरीवर लांब हातांची एक आरामखुर्ची दिसली, वेताच्या विणीची, आणि आतल्या भिंतीला एक जुनं कोरीव कपाट. तिथल्या दमट हवेत वेताच्या विणीतून वारा खेळतो, पाठीला घाम साचत नाही. ज्याने ती खुर्ची घडवली त्याने बसणाऱ्याच्या पाठीचा आधी विचार केला होता, हे तू बसताना आठवशील ना?

तुला ठाऊकच आहे, तुझे पणजोबा गावचे वाढई. तिफण, वखर, डवरे, बंडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं, आणि ते बाभळीचं, कारण बाभूळ चिवट, मातीत झिजायला तयार असलेलं लाकूड. घराची चौकट, दारं, देव्हारा मात्र सागवानी. पैसा क्वचित मिळे. सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्याची ज्वारी आणायची, असा तो व्यवहार. त्यांच्याजवळ बसून मी जे शिकलो ते करणं नव्हे, बघणं शिकलो, आणि तेच तुला देतो आहे.

रिसॉर्टवर सगळे उशिरा उठतात, सुट्टीच असते ती. पण तू एक दिवस उन्हाच्या आधी उठ. तू उठतेसच म्हणा, आजीची सवय तुझ्यात उतरली आहे. सूर्य वर आला की उजेड वरून पडतो आणि पॉलिश नुसतं चकाकतं. कोवळं ऊन मात्र खिडकीतून आडवं येतं, आणि त्या तिरप्या उजेडात फळीवर रंध्याच्या हलक्या लाटा दिसतात, म्हणजे हाताने रंधा मारताना उरलेले, बोटाला जेमतेम लागणारे चढउतार. यंत्रातून निघालेल्या फळीवर त्या तशा नसतात. त्यांच्यावरून बोट फिरव, डोळे मिटून फिरव. कपाटाची मागची बाजू आणि टेबलाची खालची बाजूही बघ, कारण तिथे कारागीर कुणाला दाखवण्यासाठी काम करत नाही.

मग सांधे बघ. चांगल्या जुन्या खुर्चीत खिळे फार सापडणार नाहीत. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्याला पटाशीने नेमकं तेवढंच भोक पाडायचं, आणि दोन्ही बसले की आरपार लाकडाची किंवा बांबूची खुंटी ठोकायची. लोखंड गंजतं, खारी हवा असेल तर फार लवकर, पण ही खुंटी लाकडाबरोबरच जुनी होते. कपाटाचा खण बाहेर ओढलास तर कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंफल्यासारख्या अडकलेल्या दिसतील. आपण खण ओढतो तो समोरून, म्हणून ते दात असे कापलेले असतात की समोरची फळी कितीही ओढली तरी सुटून येऊ नये. हे ज्याला सुचलं असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

आणि एक, यात माझा जीव आहे म्हणून जरा सविस्तर. लाकूड कापल्यावरही हलतं. हवेतलं पाणी पिऊन ते फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि हे होतं ते रेषांच्या आडव्या अंगाला. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आपल्याकडे वैशाखात घराचं दार चौकटीत खडखडतं आणि श्रावणात तेच दार खांद्याने ढकलावं लागतं, ते तू लहानपणी केलं आहेस, तुला गंमत वाटायची. जुन्या कारागिराला हे पुरतं माहीत असे. म्हणून दाराच्या मधला दिलहा तो चौकटीला चिकटवत नाही, खाचेत सैल बसवतो, की पावसाळ्यात त्याला हातपाय पसरायला जागा राहावी. नाहीतर फळी तडकते. तिथल्या दारांच्या दिलह्यांच्या कडेला पॉलिश न लागलेली एक बारीक फिकी रेघ दिसली, तर समज की फळी आकसली आणि खाचेत दडलेली तिची कड बाहेर आली.

म्हणूनच तुझे पणजोबा फळी ओली वापरत नसत. सावलीत, मध्ये चिपा ठेवून, थर रचून ठेवत. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा हिशेब. एकदा एका बिऱ्हाडाला लग्नासाठी पलंग घाईने हवा होता, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरासाठी वाळवलेल्या फळ्या दिल्या आणि आमचं फडताळ पुढे ढकललं. उरलेल्या तुकड्यांचे पाट व्हायचे, पाटातून उरलं त्याची लाटणी, आणि लाटण्यातून उरलं त्याचा आम्हा पोरांना भोवरा.

लाकडाच्या मागे झाडाचा काळही असतो, बाळा. सागाला दारा-खांबाजोगं व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात, म्हणजे लावणारा एक आणि कापणारा त्याचा नातू. आपल्या विदर्भाचं सागवान नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली ते बल्लारशाहहून गेलं. गडचिरोलीत आलापल्लीला जुन्या प्रचंड सागांचा एक राखीव तुकडा आहे, २०१४ पासून तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जपला जातो. तिथे तुला एकदा नेईन. कोकणात सागाखेरीज फणसाचं पिवळसर आणि शिसवीचं काळपट जांभळं लाकूडही भेटेल. कुठलं कोणतं ते विचार, माणसं आनंदाने सांगतात. पुण्यात परतलीस की विश्रामबागवाड्यासमोरही पाच मिनिटं थांब, दुसऱ्या बाजीरावांसाठी तो १८०७ च्या सुमारास बांधला. त्याच्या दर्शनी सज्ज्याचं कोरीव काम रस्त्यावरून दिसतं, आणि तू रोज त्याखालून शाळेत जातेस.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही, ती कधी नव्हतीच. काळजी वाटते ती तुझ्या पायांतल्या घाईची. एक फोटो काढायचा आणि पुढे पळायचं, असं तुझं होतं. यावेळी फोटोआधी वहीत पेन्सिलीने ती खुर्ची काढ. वेडीवाकडी येऊ दे. हात कुठे वळतो, पाय खाली किती निमुळता होतो, हे काढताना डोळ्याला थांबावंच लागतं.

सावंतवाडीला राजवाडा बघशील तेव्हा तिथे गंजिफा रंगवणारे कारागीर दिसतील. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत १२०, प्रत्येक हाताने रंगवलेला. ही कला मावळत चालली होती, तेव्हा राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसल्यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि सत्वशीलादेवींच्या साथीने राजवाड्यातच तिचं काम पुन्हा उभं केलं. राजाने जमिनीवर बसून शिकावं, हे मला फार मोठं वाटतं. तिथून चितारआळीत जा. लाकडी फळं, खेळणी, पाट, चौरंग असं सगळं दुकानांत मांडलेलं असतं. ती खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची, हलक्या मऊ लाकडाची. तुझ्या गल्ल्यातले पैसे मोजून ने आणि एकच वस्तू घे, पण घेण्याआधी दुकानदाराला विचार की ही कुणी घडवली, कुणी रंगवली. किंमत पाडून मागू नकोस. पैसे कमी पडले तर बाबांकडे हात करू नकोस, त्याहून लहान घे.

तुझे,
आबा