सुट्टी कोणाची?

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका तरुण दांपत्याने आम्हाला गाठले. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आम्ही पती-पत्नी गेली काही वर्षे बोलतो. त्या ओळखीने मुले लग्नानंतरही काही ना काही विचारायला येतात. ह्या दोघांच्या कडेवर सात महिन्यांचे बाळ होते. "अंकल, नाताळच्या सुट्टीत बाळाला घेऊन क्रूझवर जावं म्हणतोय. घरची मोठी माणसं म्हणतात, एवढ्याशा जिवाला समुद्रावर कशाला नेता? तुम्ही तर नातवंडांना घेऊन जाऊन आलात. न्यावं की नेऊ नये, तुम्हीच सांगा."

उभ्या उभ्या आम्ही काहीतरी उत्तर दिले. पण घरी आल्यावर वाटले की, प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. तो केवळ बाळाच्या दुधाचा आणि कपड्यांचा नाही. सुट्टी म्हणजे काय आणि ती कोणाची, हा खरा प्रश्न आहे. म्हणून हे चार शब्द.

समुद्र आपल्याला परका नाही. आपल्या कोळीवाड्यांतील घरे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच उभी आहेत. कोकणात आणि गोव्याला जाणारी माणसे एकेकाळी मुंबईहून आगबोटीने जात. तान्ह्या मुलांना पदराखाली घेऊन बाया डेकवर रात्र काढीत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतरही लोक बोटीने जातच राहिले, कारण जाणे भागच होते. बाळ येशूला रातोरात उचलून योसेफ आणि मरिया मिसर देशाला गेली (मत्तय २:१३-१५), तीही हौसेने नव्हे. गरजेपोटी मूल घेऊन निघालेल्या आईबापांना 'कशाला नेता?' असे कोणी विचारत नाही.

आताची गोष्ट निराळी आहे. गेल्या काही वर्षांत मुंबईहूनच गोवा, लक्षद्वीप, कोची अशा क्रूझ सफरी निघू लागल्या. सिंगापूरला जाऊन तेथून जहाजावर चढणारी कुटुंबेही आपल्या ओळखीत आहेत. जे पूर्वी फक्त श्रीमंतांचे होते, ते हप्त्याने का होईना, मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्यात काही वाईट नाही. मात्र येथे गरज नाही, हौस आहे. आणि हौस आपली असून तिच्यासाठी होणारी दगदग बाळाची असेल, तर आईबापांना स्वतःच्या मनाला दोन प्रश्न विचारावेच लागतात.

आधी व्यवहाराचे बोलू. बहुतेक मोठ्या जहाज कंपन्या सहा महिन्यांच्या आतील बाळाला जहाजावर घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या किंवा किनारा न लागता सलग बरेच दिवस चालणाऱ्या सफरींसाठी ही अट एक वर्षाची असते. हा नियम उगीच केलेला नाही. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि परिचारिका असतात. परंतु बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो आणि मोठे रुग्णालय किनाऱ्यावर असते. तान्ह्या मुलाला जुलाब लागले तर काही तासांत ते कोमेजते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. त्यातच जहाजासारख्या बंदिस्त जागेत उलट्या-जुलाबाची साथ झपाट्याने पसरते. म्हणून निघण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषधे आणि दुधाची पावडर पुरेशी जवळ ठेवावी, हात साबणाने धुवावेत. डायपर वापरणाऱ्या मुलांना पोहण्याच्या तलावात बहुतेक जहाजांवर उतरू देत नाहीत. लहान मुलांच्या खेळघरातही सहसा तीन वर्षे पूर्ण झालेल्यांनाच घेतात. जाहिरातीतले हसरे मूल पाण्यात डुंबत असते. आपले मूल काठावर उभे राहून रडणार आहे, हे आधी माहीत असलेले बरे.

आमचे तसेच झाले. मुलगा, सून, अडीच वर्षांची नात, नऊ महिन्यांचा नातू आणि आम्ही दोघे असे सहाजण मुंबईहून निघालो. सुटण्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून संकटकाळी काय करायचे ते समजावून सांगितले. बाळासाठी एवढेसे लाइफ जॅकेट दाखवले, तेव्हा आम्हा दोघांतल्या आजीच्या पोटात गोळा आला. पुढे मात्र समुद्र शांत होता. जेवण भरपूर होते, संध्याकाळी गाणी होती. मुलाने फोटो काढले आणि ते नातेवाइकांना आवडले.

जे फोटोत आले नाही ते असे. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आम्हाला जाग आली. सून शेजारच्या केबिनबाहेर, कॉरिडॉरमधल्या गालिच्यावर भिंतीला पाठ टेकून बसली होती. बाळ रडले की नात उठते आणि नात उठली की मुलगा उठतो, म्हणून ती बाळाला घेऊन बाहेर आली होती. आम्हाला पाहून ती ओशाळली. म्हणाली, "आई, घरी निदान स्वयंपाकघरात तरी जाऊन बसता येतं."

त्या चार दिवसांत तिचे एकही जेवण गरम झाले नाही. आम्ही बाळाला सांभाळत होतो, नाही असे नाही. परंतु खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस आमच्याही मनात थोडी अढी होती की, 'आपल्याला फिरायला आणले की मुले सांभाळायला?' मुलगा वाईट नाही. वर्षभर राबून पैसे साठवून त्याने सर्वांना आणले होते. त्याला खरोखर वाटत होते की सगळे मजेत आहेत. सुट्टी सर्वांसाठी घेतली होती, पण ती पोहोचली एकट्याकडे आणि त्याला ते कळलेही नव्हते.

येथे आम्हाला दहा आज्ञांमधील शब्बाथाची आज्ञा आठवली. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ती पाठ केली होती, पण तिच्यातील यादीकडे कधी नीट पाहिले नव्हते. परमेश्वर केवळ 'तू विसावा घे' असे सांगून थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दारात राहणारा परका असे एकेकाचे नाव तो घेतो (निर्गम २०:८-११). अनुवादाच्या पुस्तकात तर कारणही दिले आहे. दास-दासींनाही मालकासारखाच विसावा मिळावा, कारण तुम्हीही एकदा मिसर देशात गुलाम होता (अनुवाद ५:१२-१५). म्हणजे एकाने पाय पसरावेत आणि बाकीच्यांनी त्याची सेवा करावी, ह्याला पवित्र शास्त्र विश्रांती म्हणत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेले ओझे हलके होत नसते, ते फक्त आपल्याला दिसेनासे होते.

त्या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ती 'तू' ह्या शब्दातच आली, असे अभ्यासक सांगतात आणि ते योग्यच असेल. परंतु आपल्या घरांत नेमके तिथेच चुकते. 'आपण' सुट्टीवर गेलो असे म्हणताना त्या 'आपण'मध्ये आई आहे की नाही, हे कोणी मोजत नाही.

आता बाळाविषयी. पुष्कळजण म्हणतात, "त्याला काय आठवणार आहे? मग कशाला न्यायचे?" हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. पहिल्या वर्षात आईने रात्री जागून पाजलेले दूधही कोणाला आठवत नाही, म्हणून ते वाया गेले असे आपण म्हणत नाही. आपण बाळाचा बाप्तिस्मा करतो तेव्हा तरी त्याला काय आठवणार असते? चाळीस दिवसांच्या येशूला मंदिरात नेले, तेव्हा शिमोनाने त्याला हातांत घेतले, हे त्या बाळाने नव्हे तर मरियेने मनात जपून ठेवले. आठवणीत राहात नाही तेही माणसाला घडवते. म्हणून बाळाने समुद्राचा वारा अंगावर घेतला, आजोबांच्या खांद्यावरून सूर्यास्त पाहिला, तर ते फुकट नाही. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत आपण तान्ही मुले घेऊन जातोच की!

परंतु ह्याच विचाराची दुसरी बाजूही आहे. बाळाला आठवत नाही, पण आत्ता जाणवते. ऊन जाणवते, झोपमोड जाणवते, आईच्या हातातला ताण जाणवतो. ते 'नको' म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी आपली. मूल म्हणजे आपल्या आनंदाच्या फोटोतील शोभेची वस्तू नव्हे आणि पैसे भरले म्हणून उरकायचे सामानही नव्हे. वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन येशू शांत झोपला होता (मार्क ४:३८), कारण त्याचा पित्यावर भरवसा होता. आपल्या खांद्यावर झोपलेले बाळ तोच भरवसा आपल्यावर टाकत असते. त्या भरवशाला जागता येईल अशी तयारी असेल तर जरूर जावे. नसेल तर सफर दोन वर्षे पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. समुद्र कुठे जात नाही.

आणखी एक माणूस त्या यादीत बसतो. आमची केबिन साफ करणारा तरुण गोव्याचा, सासष्टीकडचा होता. दुपारी तो टॉवेलची घडी घालून नातीसाठी कधी हत्ती, कधी माकड करून ठेवी. एकदा बाळ दाराशी रांगत आले आणि त्याने त्या तरुणाचे बोट धरले. तो काम थांबवून तसाच खाली बसला. मग म्हणाला, "माझी मुलगी पण एवढीच आहे. मी जहाजावर चढल्यावर जन्मली. अजून हातात घेतली नाही." बोट सोडवून घेतल्यावर तो पुढच्या केबिनकडे गेला. त्याला अजून बऱ्याच खोल्या करायच्या होत्या.

जहाजावरचे बहुतेक कामगार सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर असतात आणि आठवड्याचे सातही दिवस राबतात. २००६ साली ठरलेल्या आणि २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार त्यांना २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. कायद्याने तास मोजता येतात, पण घरापासून दूर असलेल्या बापाचे दिवस कोण मोजणार? गोव्यात आणि आपल्या वसई भागातही अशी कितीतरी घरे आहेत. आपले बाळ आईबापांबरोबर सुट्टी घालवू शकते, कारण दुसरे एखादे बाळ बापाविना वाढत असते. म्हणून क्रूझवर जाणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्या तरुणाची चूल त्याच कामावर पेटते. परंतु तो आपल्याला दिसलाच नाही, तर मात्र आपले काहीतरी चुकले.

आमच्या सुट्टीचे पुढे काय झाले तेही सांगतो. चौथ्या दिवशी सकाळी मुलाला बाजूला घेऊन त्याच्या वडिलांनी रात्रीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. दुपारी बाळाला घेऊन तो डेकवर सावलीत दोन तास फिरत राहिला आणि आम्ही नातीला गोष्टी सांगितल्या. सून झोपली. जेवायला उठवू का, असे त्याने विचारले तेव्हा आम्ही नको म्हटले. साऱ्या सफरीत तेवढे दोन तास खरी सुट्टी झाली, असे आम्हाला वाटते. कारण तेव्हा कोणाच्याच मनात अढी नव्हती.

तेव्हा त्या तरुण दांपत्याला आमचे उत्तर असे: न्यावे की नेऊ नये, हे तुम्ही ठरवा. मात्र तिकीट काढण्यापूर्वी एका संध्याकाळी दोघांनी बसून रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहा. आजी-आजोबांना नेणार असाल, तर त्यांना कशासाठी नेता ते आधी प्रेमाने सांगा. फसवणूक झाल्यासारखे वाटले नाही, तर आम्ही म्हातारी माणसे आनंदाने मुले सांभाळतो. कर्ज काढून जाऊ नका. पासपोर्ट झाला आणि बाप्तिस्मा राहिला, असे होऊ देऊ नका. रविवारी मिस्सा मिळणे अशक्य असेल, तर केबिनमध्ये सर्वांनी मिळून शुभवर्तमान वाचा आणि प्रार्थना करा. खोली साफ करणाऱ्याचे नाव विचारा आणि त्याच नावाने त्याला हाक मारा. परत आल्यावर एकमेकांना एकच प्रश्न विचारा, 'कोणाकोणाला विसावा मिळाला?' उत्तरात सर्वांची नावे आली, तर तुमची सुट्टी देवाला आवडली असे समजा.

दर्यावर्दींची काळजी वाहणारे ख्रिस्तसभेचे कार्य १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाले. आज ते 'स्टेला मारिस', म्हणजे 'समुद्रतारा' ह्या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा समुद्रावरील कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी प्रार्थना करते. आम्ही मात्र जुलैची वाट पाहात नाही. उतरण्याच्या दिवशी त्या तरुणाने आपल्या मुलीचे नाव आम्हाला सांगितले होते. रात्री जपमाळ संपली की एक 'नमो मरिया' तिच्यासाठी म्हणतो. एव्हाना तिच्या बापाने तिला हातात घेतले असेल.