हातांस दिलेलें ज्ञान

(वाचनाचा भाग : निर्गम ३५:२५-३५)



निवासमंडपाचें काम निघालें तेव्हां परमेश्वरानें बसालेल यास नांव घेऊन बोलाविलें व आपल्या आत्म्यानें भरलें. तें कशासाठीं? सोनें, रुपें व पितळ घडविण्यासाठीं, लांकूड कोरण्यासाठीं. म्हणजे हातोडी व पटाशी धरणारा हात देवाच्या आत्म्यास परका नाहीं. आणखी एक गोष्ट येथें आहे. त्यास व अहलियाब यास दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिहि देवानें दिली. कसब स्वतःपाशीं राखून ठेवणाऱ्या कारागिराकडून मंडप उभा राहत नाहीं.

आपल्या शाहूवाडी तालुक्यांत डोंगर पुष्कळ, शेत थोडें. म्हणून तरुण पुण्यामुंबईची वाट धरितात. हातीं परीक्षेचा कागद असतो, पण "तुला काय येतें?" या प्रश्नापुढें पुष्कळांस खालीं पाहावें लागतें.

महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढिली. १८ ते ३५ वर्षांच्या तरुणांनीं कचेरींत वा कारखान्यांत प्रत्यक्ष काम शिकावें, व बारावी झालेल्यांस दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका झालेल्यांस ८,००० व पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन मिळावें असें ठरलें. आरंभींची सहा महिन्यांची मुदत पुढें ११ महिन्यांची झाली. ती संपल्यावर अनेकांनीं कायम कामासाठीं आंदोलन केलें. त्यांच्या दुःखास कोणीं हंसूं नये. परंतु आम्ही दोघांसहि विचारितों. शिकविणाऱ्या, तूं त्या मुलास कसब दिलेंस, कीं केवळ कागद इकडून तिकडे न्यावयास लाविलेंस? शिकणाऱ्या, मुदत संपली तरी जें संपणार नाहीं असें तूं काय मिळविलेंस?

तिसरेंहि एक कर्तव्य आहे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण आरंभिलें, पण ते तेथेंच थांबले नाहींत. अस्पृश्य मानिलेल्या गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान घातलें, तेव्हां महाराज स्वतः तेथें चहा घेत. राजाच गिऱ्हाईक झाला, तेव्हां इतरांस नाक मुरडण्यास जागा कोठें उरली?

तर मंडळींतील गवंडी, सुतार, शिंपी, मोटार दुरुस्त करणारे, परिचारिका, यांपैकीं प्रत्येकानें या वर्षीं एका तरुणास आपल्या शेजारीं उभें करावें. मुलींस वगळूं नये. निवासमंडपाचें सूत स्त्रियांनींच आपल्या हातांनीं कांतिलें होतें. इतरांनीं नवशिक्यास पहिलें काम द्यावें व त्याची मजुरी पुरती द्यावी. "आपल्याच मंडळीचा मुलगा" म्हणून त्याजकडून फुकट राबवून घेणें ही प्रीति नव्हे, अन्याय होय.

ज्यानें बसालेलास नांवानें बोलाविलें, तो आपल्या वाड्यावस्त्यांवरील प्रत्येक मुलाचें नांव जाणतो. येत्या रविवारीं मंडळींत बसतांना आपण सभोंवार पाहूं या : कामावांचून बसलेल्या किती मुलांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? आमेन.