गाडीचे स्वत्व आणि ममत्व

आवडती मोटरसायकल विकावी की ठेवावी, हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. पण हिशेब पाच मिनिटांत मांडून होतो आणि निर्णय वर्षभर रेंगाळतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. भारतीय परंपरेत त्यांना नावेही दोन आहेत: स्वत्व, म्हणजे मालकी, आणि ममत्व, म्हणजे ‘माझे’पणाची भावना.

स्वत्वाची उकल सोपी. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने स्वत्व शास्त्राने ठरते की लोकव्यवहाराने, हा वाद मांडून कौल लोकव्यवहाराला दिला. नवी मुंबईत हा व्यवहार आरटीओच्या कागदांवर चालतो. ‘एमएच ४३’ पाटीची गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. चासीवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडतात. किल्ली दिली, पैसे मोजून घेतले, तरी नोंद बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले.

पेन्सिलीचा तो ठसा तत्त्वज्ञानाच्याही कामाचा आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजाला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके की जू? एकही नाही, रथ हे व्यवहारापुरते नाव. १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली एखादी आरएक्स १०० घेतली, तर तिचा पिस्टन बदललेला, सिलिंडर बोअर केलेला, टाकी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेली असते. कायद्याच्या लेखी चासी नंबर म्हणजे गाडी. मालकाच्या लेखी गुडघे घासून टाकीचा रंग जिथे उडाला आहे ती जागा म्हणजे गाडी, मग ती टाकी मुळात दुसऱ्याच गाडीची का असेना. कायद्याचे उत्तर नागसेनाला चालले असते, कारण कायदा नंबराला नंबरच समजतो.

अडते ते ममत्वापाशी. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन ग्रंथात परिग्रहाची, म्हणजे संग्रहाची, व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह. त्यामुळे गाडी विकली की आसक्ती सुटली, असे होत नाही. विकलेल्या गाडीचा नंबर पाम बीच रोडवर वर्षानुवर्षे शोधणारे लोक असतात. उलट, ठेवणे म्हणजे जपणे असेही नाही. खाडीच्या दमट हवेत, नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांतल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी गाडी आपोआप संपत जाते: कार्बोरेटरमधले पेट्रोल सुकून जेट बुजतात, टाकी आतून गंजते, चेन आखडते, टायर एका बाजूने बसतो. दसऱ्याला झेंडूचा हार तेवढा चढतो. अशा ठेवण्याला प्रेम म्हणणे कठीण. निर्णय टाळण्याचे ते सोयीस्कर नाव आहे.

विकण्यामागेही नेहमी वैराग्य नसते. देहाला कष्ट नकोत म्हणून कर्म सोडणे हा राजस त्याग, असे गीतेचा अठरावा अध्याय मानतो. गीता तिथे कर्माविषयी बोलते, वस्तूंविषयी नाही, पण ती कसोटी इथे लागू पडते. पंधरा वर्षे भरली, पुन्हा नोंदणी करायची, वर पार्किंगवरून रोजची कटकट. याला कंटाळून गाडी काढली तर ती सुटका आहे, आणि सुटका म्हणून ती योग्यही असू शकते. त्याग मात्र नव्हे.

गाडी वडिलांची असेल तर गुंता वाढतो. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ असतो आणि मृत्युपत्र नसल्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची हयात असलेली आई यांना सारखा वाटा मिळतो. ‘बाबांची गाडी मी विकणार नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे ममत्व पूर्ण असते, स्वत्व मात्र वाट्यापुरते. आणि वीस वर्षे मागच्या सीटवर बसलेल्या आईचे काय म्हणणे आहे, हे बहुतेक घरांत फॉर्मवर सही घ्यायची वेळ आली की पहिल्यांदा विचारले जाते.